कालबाह्य संगणकप्रणाली आणि कार्यालयीन मराठी : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. या जिल्ह्याच्या स्थापनेचा काळ आणि मराठी कार्यालयांत संगणक येण्याचा काळ जवळपास एकच होय. जगातील सर्व लिपींसाठी एकच संकेतव्यवस्था असावी या हेतूने तयार झालेल्या युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्तीही १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. म्हणजे जुने आणि नवे असे दोन्ही मार्ग एकाच वेळी उपलब्ध झाले. प्रत्यक्षात मात्र पुढील दोन दशके मराठीचे बहुतांश कार्यालयीन लेखन जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांमध्ये होत राहिले. अक्षरजुळणीच्या दुकानांत तर हे टंक आजही वापरात आहेत.

असे का व्हावे? या प्रश्नाचे रूढ उत्तर म्हणजे कर्मचाऱ्यांचा आळस, नव्याची भीती किंवा शासकीय दिरंगाई. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. कार्यालये कालबाह्य संगणकप्रणाली टिकवून धरतात त्याचे मुख्य कारण त्या प्रणालीत साठलेले मानवी श्रम हे होय. बोटांचे शिक्षण, प्रमाणपत्रे आणि वर्षानुवर्षांचा दस्तऐवज हे सारे त्या प्रणालीशी बांधलेले असते. शिवाय बदलाचा निर्णय एका पातळीवर होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच पातळीवर मोजली जाते. प्रस्तुत लेखात ही मांडणी विक्रोळी, अंधेरी, जुहू आणि पवई या उपनगरी स्थळांच्या इतिहासाच्या आधारे तपासली आहे.

१. विक्रोळीचे यंत्र आणि बोटांचे शिक्षण

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान वसलेल्या विक्रोळीचे नाव भारतीय टंकलेखन यंत्राच्या इतिहासाशी जोडले गेले आहे. गोदरेज अँड बॉईस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र देशासमोर आणले. विक्रोळीतील कारखान्यात या यंत्रांचे उत्पादन अनेक दशके चालले आणि इंग्रजीच्या जोडीने देवनागरी कळफलकाची यंत्रेही तयार होऊ लागली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासनव्यवहारात मराठीचा वापर वाढत गेला, तसतशी मराठी टंकलेखकांची गरजही वाढली.

देवनागरी लिपी यंत्रावर बसवणे सोपे नव्हते. यंत्राच्या पंचेचाळीसच्या आसपास कळांवर स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे आणि अंक सामावणे अशक्य होते. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अर्धे अक्षर एका कळेवर, काना दुसऱ्या कळेवर, आणि दोन्ही जोडून पूर्ण अक्षर अशी ही योजना होती. अक्षरे ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने ती उमटवावी लागत. 'कि' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग 'क'. 'धर्म' लिहिताना आधी 'ध', मग 'म' आणि शेवटी रफार. उच्चाराचा क्रम निराळा आणि बोटांचा क्रम निराळा, ही विसंगती टंकलेखकाने कष्टाने आत्मसात केलेली होती. रेमिंग्टन मांडणी या नावाने ओळखली जाणारी ही कळरचना उपनगरांतील टंकलेखन वर्गांमध्ये हजारो तरुण-तरुणींनी गिरवली.

या शिक्षणाला बाजारात मोल होते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचे दर मिनिटास ३० शब्द आणि इंग्रजीचे ४० शब्द अशी वेगमर्यादा आवश्यक असे. मध्यम किंवा निम्न-मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलीला दहावी-बारावीनंतर स्थिर नोकरीकडे नेणारा हा एक विश्वासार्ह मार्ग होता. कळफलकावर बसलेला हात हे अशा कुटुंबाचे एका अर्थाने भांडवलच होते.

२. यंत्र गेले, कळफलक राहिला

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मूलगामी काम झाले. त्यातून जिस्ट हे तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने हे काम पुढे नेले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतव्यवस्था प्रमाण म्हणून स्वीकारली. तत्पूर्वीच इनस्क्रिप्ट हा उच्चारक्रमानुसार चालणारा, सर्व भारतीय लिपींना समान असलेला कळफलकही तयार झालेला होता. शास्त्रीय दृष्टीने तो अधिक तर्कशुद्ध होता. बोलण्यात जो क्रम, तोच टंकण्यात, हे त्याचे सूत्र.

तथापि, कार्यालयांनी आणि छपाईच्या धंद्याने निराळी वाट धरली. सी-डॅकची आय.एस.एम. आणि तिच्यातील 'सुरेख', 'योगेश' हे टंक, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', बंगळूरची 'आकृती' आणि हिंदीच्या कामात सर्वत्र पसरलेला 'कृतिदेव' अशी अनेक उत्पादने बाजारात आली. त्यांच्या लोकप्रियतेचे एक महत्त्वाचे कारण असे की, टंकलेखन यंत्रावर तयार झालेला हात त्यांच्यावर लगेच चालत असे.

या टंकांची अंतर्गत रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्यांत संगणकाच्या स्मृतीत मराठी अक्षर साठवलेच जात नाही. रोमन अक्षरांच्या जागी केवळ देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये टंकलेला 'भारत' हा शब्द संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे असतो. टंक बदलला की हीच पाच अक्षरे उघडी पडतात. शिवाय प्रत्येक उत्पादकाची आकारयोजना स्वतंत्र असल्याने श्रीलिपीतील मजकूर आकृतीत उघडला असता वाचता येत नाही. विक्रोळीच्या यंत्रात कागदावर अक्षराचा आकार उमटे; नव्या संगणकातही आकारच साठवला जाऊ लागला. साधन बदलले, परंतु लेखनाची संकल्पना टंकलेखन यंत्राचीच राहिली.

गोदरेजने यांत्रिक टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले. २०११ मध्ये शिलकी यंत्रे संपत आल्याचे वृत्त आले, तेव्हा जगातील शेवटचा कारखाना बंद झाल्याची बातमी सर्वत्र पसरली. ती तंतोतंत खरी नव्हती, कारण इतरत्र काही यंत्रे बनत होती. कळफलकाच्या बाबतीत तर असा शेवट झालाच नाही. यंत्र बंद झाल्यानंतरही त्याचा कळफलक उपनगरांतील प्रत्येक अक्षरजुळणीच्या दुकानात सुरू होता.

३. अंधेरीचा विरोधाभास : जुन्या प्रणालींवर उभी राहिलेली नवी अर्थव्यवस्था

जुनी प्रणाली टिकवणे हा केवळ मराठी कार्यालयांचा दोष मानता येत नाही, हे अंधेरीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये अंधेरी (पूर्व) येथे सीप्झ हे क्षेत्र स्थापन झाले. टाटा बरोज, मास्टेक, सिंटेल यांसारख्या कंपन्यांनी तेथून संगणकसेवांचा व्यवसाय केला. या व्यवसायाचा मोठा भाग परदेशी बँका, विमा कंपन्या आणि उद्योग यांच्या जुन्या आज्ञावल्यांची देखभाल करणे हा होता.

वाय-टू-के नावाने गाजलेला प्रश्न याचे ठळक उदाहरण होय. स्मृतीची जागा महाग असलेल्या काळात वर्ष दोनच अंकांत नोंदवण्याची पद्धत पडली. २००० साल येताच 'शून्य शून्य' म्हणजे १९०० की २००० असा गोंधळ होणार, हे उघड होते. १९६० व १९७० च्या दशकांत कोबोल भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या तीस वर्षांनंतरही चालू होत्या, म्हणूनच हा प्रश्न उद्भवला. त्यावरील सर्वांत प्रचलित उपायांपैकी एक म्हणजे 'खिडकी पद्धत'. एका ठरावीक अंकाखालील वर्षे विसाव्या शतकातील न मानता एकविसाव्या शतकातील मानायची. म्हणजे जुनी प्रणाली काढून टाकली गेली नाही. ती डागडुजी करून पुढे चालवली गेली. एप्रिल २०२० मध्ये करोना साथीच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले, यावरून या प्रणालींचे आयुष्य ध्यानात येते.

अंधेरीच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, जगातील अत्यंत संपन्न संस्थाही जुनी प्रणाली सहजासहजी टाकून देत नाहीत, कारण तिच्यात त्यांचे नियम, अपवाद आणि हिशेब साठलेले असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वाय-टू-केला १ जानेवारी २००० ही टाळता न येणारी तारीख होती आणि अपयशाचा फटका थेट संस्थाचालकांना बसणार होता. म्हणूनच खर्च मंजूर झाला, माणसे नेमली गेली आणि काम वेळेत झाले. मराठी टंकांच्या प्रश्नाला अशी कोणतीही तारीख नव्हती.

४. जुहू आणि पवई : नव्या प्रमाणाचे उपनगरी कार्य

नवे तंत्र दूरदेशीचे आणि परके होते, असाही एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी), जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, तेथे लिनक्स प्रणालीत भारतीय लिपी आणण्याचे 'इंडिक्स' प्रकल्पाचे काम झाले. पवईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करणारे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी नंतर एनसीएसटीमध्ये भारतीय लिपींच्या युनिकोड टंकांवर काम केले. विंडोजसोबत जगभर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या मार्गदर्शनाखालील कामाचे फलित होय. अशा रीतीने जुने यंत्र विक्रोळीत, जुन्या आज्ञावल्यांची देखभाल अंधेरीत आणि नव्या अक्षराची घडण जुहूत, अशी तिन्ही कामे काही किलोमीटरच्या परिघात होत होती. ज्ञान दूर होते म्हणून बदल झाला नाही, असे म्हणता येत नाही.

५. विलंबाची कारणमीमांसा

पहिले कारण तांत्रिक होते आणि ते वाजवी होते. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोड चालत नसे. विंडोज एक्सपीमध्ये ती सोय होती, परंतु मूळ सीडीतून ती वेगळी बसवून घ्यावी लागे. छपाईच्या धंद्याचा आधार असलेल्या पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तिला युनिकोड अखेरपर्यंत उमगले नाही. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाईनमध्ये भारतीय लिपींची अधिकृत सोय २०१२ मध्ये झाली. 'ॲ' हे मराठीला नित्य लागणारे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये, म्हणजे ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. तोपर्यंत 'ॲड.' किंवा 'ॲक्ट' लिहिण्यासाठी कसरत करावी लागे. सुरुवातीच्या अनेक युनिकोड टंकांत 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी पद्धतीची होती. अशा स्थितीत जुना टंक न सोडणाऱ्या अक्षरजुळणीकाराचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता; कामाच्या दर्जाची त्याला असलेली जाण त्यामागे होती.

दुसरे कारण कौशल्याचे. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये इंग्रजी कळफलकाच्या उदाहरणावरून असे प्रतिपादन केले की, सुरुवातीला योगायोगाने रूढ झालेली पद्धती पुढे अधिक चांगला पर्याय आला तरी टिकून राहू शकते. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये या उदाहरणातील पुराव्यांना आव्हान दिले. मराठीच्या संदर्भात हा वाद उपयुक्त ठरतो, कारण येथे कळफलकाला प्रमाणपत्राची आणि नोकरीची जोड होती. मिनिटाला ३० शब्दांचा वेग असलेल्या लिपिकाने इनस्क्रिप्ट स्वीकारले तर काही महिने त्याचा वेग निम्म्यावर येणार. त्या काळात टेबलावर साठणाऱ्या कामाची जबाबदारी मात्र त्याचीच राहणार.

तिसरे कारण साखळीचे. बोरिवलीच्या वकिलाची जाहीर नोटीस दुकानात टंकली जाई, तेथून ती वृत्तपत्राकडे जाई. संस्थेचा अहवाल लिपिकाकडून अक्षरजुळणीकाराकडे आणि तेथून मुद्रकाकडे जाई. साखळीतील एकानेच टंक बदलला तर पुढच्याला मजकूर उघडता येत नसे. प्रत्येकाला बदल मान्य असूनही पहिले पाऊल कोणी उचलायचे, हा प्रश्न शिल्लक राहत असे.

चौथे कारण संग्रहाचे आणि पाचवे कुलपाचे. मागील वर्षीचा नमुना काढून त्यात नावे व तारखा बदलणे ही कार्यालयीन लेखनाची सर्वमान्य रीत आहे. हे सारे नमुने जुन्या टंकात होते. ते युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध झाल्या, तरी रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या चुका राहत आणि प्रत्येक पान पुन्हा तपासावे लागे. त्यातच अनेक भारतीय भाषिक प्रणाली संगणकाच्या प्रिंटर पोर्टला जोडायच्या कुलपासह, म्हणजे डोंगलसह मिळत. नव्या संगणकांतून ते पोर्ट नाहीसे झाले, तेव्हा एका प्रणालीसाठी जुना संगणकच जपून ठेवण्याची वेळ आली.

या सर्व कारणांना जोडणारा धागा म्हणजे निर्णय आणि भार यांची फारकत. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले. राज्य शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ रोजी देवनागरी लिपी व वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय प्रसृत केला. ही पावले योग्यच होती. परंतु प्रमाण ठरल्याने हात बदलत नाहीत. हात बदलण्यासाठी लागणारा वेळ, सराव आणि त्या काळातील कमी कामाची मुभा यांचा हिशेब धोरणात सहसा नसतो. ज्याला अधिकार होता त्याला टंकावे लागत नव्हते, आणि ज्याला टंकावे लागत होते त्याला अधिकार नव्हता.

६. विलंबाची किंमत

असे असले तरी जुन्या टंकांचे समर्थन करता येणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचीबद्ध करून शक्य तेथे संगणकीकृत करणे अपेक्षित आहे. ज्या अभिलेखात 'भारत' हा शब्द पाच रोमन अक्षरांच्या रूपात दडलेला आहे, त्यात नागरिकाने मराठीत शोध घेतला तर काहीही हाती लागत नाही. कागद संगणकात असूनही तो शोधापलीकडे राहतो. शतकाच्या आरंभीच्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आधी त्यांचा टंक उतरवून घ्यावा लागे. त्या काळातील मजकुराचा शोध आज घेणे याच कारणाने कठीण जाते.

सर्वांत गंभीर परिणाम दृष्टिहीन वाचकांवर झाला. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली आकार पाहत नाही, संकेत वाचते. जुन्या टंकातील शासकीय परिपत्रक तिच्यासमोर ठेवले तर ती मराठी वाक्याऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उच्चारते. डोळस वाचकाला जे सुबक मराठी दिसते, ते दृष्टिहीन नागरिकाला मराठी म्हणून ऐकूच येत नाही. राजभाषेतील मजकूर राज्यातील काही नागरिकांपुरता मराठी नसणे, ही या विलंबाची खरी किंमत होय.

समारोप

बदल अखेर आला, तो बराचसा अनपेक्षित दिशेने. २०१० च्या दशकात भ्रमणध्वनीवर मराठी लिहिणे सोपे झाले आणि टंकलेखन कधीही न शिकलेले लोक युनिकोडमध्ये लिहू लागले. लग्नपत्रिकेचा मजकूर ग्राहक भ्रमणध्वनीवरून पाठवतो आणि दुकानातील अक्षरजुळणीकार तो जुन्या टंकात रूपांतरित करतो किंवा पुन्हा टंकतो, असे उलटे चित्र निर्माण झाले. त्याच दशकात राज्याच्या टंकलेखन परीक्षाही यंत्रावरून संगणकावर आल्या.

या इतिहासातून मिळणारा व्यावहारिक बोध असा की, जे उपाय साठलेल्या श्रमाचा आदर करतात ते लवकर रुजतात. रेमिंग्टनची कळरचना कायम ठेवून युनिकोड उमटवणाऱ्या प्रणाली उपलब्ध झाल्यावर लिपिकाला बोटांची सवय मोडावी लागली नाही. बदलला तो केवळ आतील संकेत. हाच विचार आरंभी झाला असता तर संक्रमण पुष्कळ सुकर झाले असते. महाविद्यालयांची कार्यालयेही या निष्कर्षापासून दूर नाहीत. प्रवेश, परीक्षा आणि हिशेब यांच्या प्रणाली बदलताना लिपिकाला सरावाचा कालावधी देणे हा प्रणालीच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.

आता उरतो तो संग्रहाचा प्रश्न. १९९० ते २०१० या काळातील मराठी दस्तऐवज मोठ्या प्रमाणावर जुन्या टंकांत आहे. त्याचे रूपांतर तपासून घेण्यासाठी ते टंक आणि ती कामे जाणणारी माणसे लागतात. १९९५ मध्ये पंचविसाव्या वर्षी सेवेत आलेली व्यक्ती, ५८ हे निवृत्तीचे वय धरल्यास, २०२८ मध्ये निवृत्त होते. वाय-टू-केला तारीख होती म्हणून ते काम झाले. या कामालाही तारीख आहे. ती कोणत्याही परिपत्रकात नमूद नसली, तरी कार्यालयाच्या सेवापुस्तकांत लिहिलेली आहे.